मुहूर्तापासून उलटी मोजणी : विवाह समन्वयक वधू-वरांबरोबर काम कसे करतो

प्रश्न विचारणारे दोघे मूळचे नाशिकचे, नोकरीनिमित्त पुण्यात राहतात आणि फेब्रुवारीत नाशिकमध्ये लग्न करणार आहेत. पाहुणे सुमारे आठशे. समन्वयक नेमावा असे दोघांना वाटते, पण "घरात एवढी माणसे असताना बाहेरचा माणूस कशाला?" असे मुलीच्या वडिलांचे म्हणणे आहे. समन्वयक नेमके काय करतो, तो आमच्याबरोबर कसा बसतो आणि आमची व आई-वडिलांची इच्छा वेगळी असेल तेव्हा कोणाचे ऐकतो, असे त्यांनी विचारले आहे. गेली सोळा वर्षे मी नाशिकमध्ये हेच काम करते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

वडिलांच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो रास्त आहे. घरात माणसे असतात आणि ती मनापासून राबतात. अडचण एवढीच असते की त्या प्रत्येकाला दर पाच मिनिटांनी कोणाला तरी काहीतरी विचारावे लागते : गौरीहर कोठे मांडायचा, बँडवाल्याची उरलेली रक्कम कोण देणार, मुंबईच्या आत्यांना कोणती खोली द्यायची, गुरुजींनी सांगितलेली सुपाऱ्यांची पुडी कोणत्या पिशवीत आहे. हे प्रश्न फिरत फिरत शेवटी नवरीपाशी, नाहीतर तिच्या वडिलांपाशी येऊन थांबतात. लग्नाच्या दिवशी वधू-वरांना आणि त्यांच्या आई-वडिलांना एकही प्रश्न विचारावा लागू नये, हेच मी माझे काम समजते. त्यासाठी ते सारे प्रश्न आधी, त्यांच्या सवडीने, त्यांच्याकडूनच सोडवून घ्यावे लागतात आणि उत्तरे कागदावर यावी लागतात. फुलांची सजावट आणि रोषणाई यांचा विचार त्यानंतर.

काही वर्षांपूर्वी दिंडोरी रोडवरच्या एका लॉन्सवर मी पाहुणी म्हणून एका लग्नाला गेले होते. मंगलाष्टके वेळेवर झाली, अक्षता पडल्या, माणसे जेवायला वळली. पुढच्या विधीसाठी गुरुजींनी मंगळसूत्र तबकात ठेवायला सांगितले, तेव्हा ते वराच्या खोलीतल्या कपाटात असल्याचे लक्षात आले. खोलीला कुलूप होते, किल्ली वराच्या काकांच्या खिशात होती आणि काका नाशिकरोड स्टेशनवर पाहुण्यांना आणायला गेले होते. त्यांचा फोन लागेना. वराची आई पदराचे टोक मुठीत धरून त्या बंद दारासमोर उभी होती आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिलाच "काय झाले?" असे विचारत होता. शेवटी कुलूप तोडले. दोष कोणाचाच नव्हता. काकांनी तर जोखमीची वस्तू म्हणून किल्ली मुद्दाम स्वतःजवळ ठेवली होती. तेव्हापासून माझ्या वहीत किल्ल्यांचे स्वतंत्र पान असते : कोणत्या खोलीची किल्ली, कोणाकडे, आणि तिची दुसरी प्रत कोणाकडे.

पहिली बैठक मी फक्त दोघांबरोबर घेते. तुम्ही पुण्यात असल्यामुळे ती फोनवर होऊ शकेल, पण शक्य असेल तर समोरासमोर बसावे. त्या बैठकीत मी खर्चाचा आकडा विचारत नाही. दोघांना एकेक कागद देते आणि एकमेकांचे न बघता तीन गोष्टी लिहायला सांगते, ज्या त्या दिवशी व्हायलाच हव्यात, आणि एक गोष्ट, जी अजिबात होऊ नये. बहुतेक जण फोनमध्ये फोटो साठवून आणतात, तेही मी बघते, पण फोटोंतून आवड कळते आणि कागदावरून गरज कळते. एका मुलीने लिहिले होते, "मंगलाष्टके चालू असताना मला आजी दिसली पाहिजे." आजी चाकांच्या खुर्चीवर होत्या आणि त्यांना ऐकूही कमी येत होते. या एका ओळीतून किती कामे निघाली पाहा. व्यासपीठाला फक्त पायऱ्या होत्या, म्हणून मंडप डेकोरेटरकडून लाकडी उतार करून घेतला. अंतरपाट धरल्यावर वधूचे तोंड कोणत्या बाजूला असेल हे गुरुजींना आधीच विचारले आणि त्या बाजूला, व्यासपीठाच्याच उंचीवर, आजींची खुर्ची ठेवली. ध्वनिक्षेपक त्यांच्या कानाशी कर्कश होऊ नये म्हणून थोडा फिरवला आणि छायाचित्रकाराने मध्ये उभे राहू नये म्हणून त्याची जागा खडूने आखून दिली. अंतरपाट दूर होण्याआधीची दहा-पंधरा मिनिटे ती मुलगी आजींकडेच बघत होती. हे काम कोणाच्या लक्षातही आले नाही, पण तिच्या दृष्टीने लग्नातले सर्वांत मोठे काम तेच होते.

तारीख ठरवताना बहुतेक घरांत पंचांग आधी आणि बाकी सारे नंतर असा क्रम असतो. तो मोडावा असे मी म्हणणार नाही, पण गुरुजींकडून एकच तारीख न घेता तीन-चार तारखा घ्याव्यात, एवढा आग्रह मी नेहमी धरते. दाट तिथीला शहरातले प्रत्येक कार्यालय आणि लॉन्स भरलेले असते, छत्रपती संभाजीनगर रोडवर एकामागोमाग एक मांडव लागतात आणि वाहने जागेवरून हलत नाहीत. बँडवाल्यांनी दोन-दोन सुपाऱ्या घेतलेल्या असतात, मेकअप करणारीला दुपारी दुसरीकडे जायचे असते, आणि गुरुजींचे लक्षही घड्याळाकडे असते. त्याच महिन्यातली विरळ तिथी घेतली तर हीच माणसे निवांतपणे तुमची होतात आणि दरही थोडे नरम असतात. २०२६च्या अखेरीस किंवा २०२७मध्ये लग्न असणाऱ्यांनी सिंहस्थाचाही, म्हणजे नाशिकच्या कुंभमेळ्याचाही, विचार करावा. ३१ ऑक्टोबर २०२६ हा रामकुंडावरील ध्वजारोहणाचा दिवस असून मुख्य पर्वण्या २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. गुरू सिंह राशीत असताना लग्न करू नये असे अनेक घरांत मानतात, तर अपवाद सांगणारे गुरुजीही असतात, त्यामुळे घरातल्या मोठ्यांचे याविषयीचे मत जागेचा बयाणा देण्याआधी विचारून घ्यावे. बयाणा दिल्यानंतर आजोबांनी तारखेला हरकत घेतली आणि रक्कम बुडाली, असे मी पाहिले आहे.

फेब्रुवारीत नाशिकचे हवामान लग्नाला चांगले असते, तरी रात्रीचा गारठा गेलेला नसतो. उघड्या लॉन्सवर संध्याकाळचा स्वागतसमारंभ ठेवल्यास वयस्कर पाहुणे लवकर उठतात, म्हणून तुमच्यासाठी दुपारचा मुहूर्त बरा. मार्च-एप्रिलची तारीख असती तर अवकाळी पावसासाठी छत असलेली पर्यायी जागा आधी दाखवा, एवढ्यावरच मी अडून बसले असते. फेब्रुवारी हा द्राक्षतोडणीचाही हंगाम असतो, हे शहरातली मुले विसरतात. निफाड-दिंडोरीकडचे तुमचे जे नातलग बागाईतदार असतील त्यांचा व्यापारी त्या दिवशी माल भरत असेल, तर ते तोडणी आटोपूनच निघणार. त्यामुळे जेवणाची वेळ साडेतीनपर्यंत चालू राहील असे केटररला आधीच सांगावे लागते. पुण्याहून संगमनेर-सिन्नरमार्गे येणाऱ्या वऱ्हाडाला द्वारका चौकातल्या कोंडीसाठी अर्धा तास जास्त धरावा आणि बस निघाल्यापासून बसमधल्या एका माणसाने माझ्या सहायकाला फोन करत राहावे, अशी व्यवस्था मी करते.

आता माझ्या कामाचा गाभा. मी दिवसाचे वेळापत्रक सकाळपासून पुढे लिहीत नाही, मुहूर्तापासून मागे लिहिते. समजा मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा आहे. मंगलाष्टकांना पंधरा-वीस मिनिटे लागतात, म्हणजे अंतरपाट सव्वाबाराला धरला पाहिजे. त्याआधी वधू गौरीहरापाशी बसलेली असते, तेथे तिला घाई होऊ नये म्हणून ती पावणेबाराला तेथे हवी. त्याआधी अर्धा तास तिची आणि घरच्यांची छायाचित्रे, म्हणजे ती सव्वाअकराला पूर्ण तयार हवी. केस, मेकअप, नऊवारी आणि दागिने यांना मिळून अडीच-तीन तास सहज जातात, म्हणून मेकअप करणारी सव्वाआठला हजर पाहिजे आणि तिच्याआधी नवरीचे खाणे झालेले पाहिजे. ज्या घरात विधी होईपर्यंत उपवास असतो तेथे दूध, फळे, शहाळे यांची सोय कोण करणार, तेही नावानिशी लिहिलेले असते, कारण गर्दीत आणि उकाड्यात रिकाम्या पोटी चक्कर आलेल्या नवऱ्या मी पाहिल्या आहेत.

वराकडची मोजणीही अशीच. मारुतीचे दर्शन घेऊन तो साडेअकराला मांडवाच्या दारात यायला हवा. वाजतगाजत येताना तीनशे मीटर अंतराला पाऊण तास लागतो हा माझा अनुभव आहे, म्हणून मिरवणूक पावणेअकराच्या पुढे निघता कामा नये. येथे वराच्या मित्रांशी मी आधीच बोलते. त्यांच्यातला एक जण निवडते आणि "नाच कितीही करा, पण साडेअकराला नवरदेव दारात आणण्याची जबाबदारी तुझी" असे त्याला सांगते. जबाबदारी दिली की ही मुले ती चोख पाळतात, आजवर मला याचा फारसा वाईट अनुभव नाही. बाहेरून कोणी ओरडून सांगितले की मात्र वेळ हमखास जातो.

आपल्या भागात मुहूर्ताला उशीर होण्याचे आणखी एक कारण म्हणजे मान्यवरांचे सत्कार आणि आशीर्वादाची भाषणे. हा मानाचा विषय असल्यामुळे त्यावर कोणी आधी बोलत नाही आणि मग ऐन वेळी अंतरपाट धरून उभ्या असलेल्या माणसांचे हात दुखू लागतात. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना बसवून मी सत्कारांची यादी आधीच लिहून घेते, निवेदकाला ती यादीच देते आणि शाल-श्रीफळ अक्षता पडल्यानंतर द्यावे असे सुचवते. ज्यांना लवकर निघायचे आहे अशा दोन-तीन जणांचाच मान आधी होतो. तिथीची वेळ पाळण्यासाठी आपण एवढा खटाटोप करून मुहूर्त काढतो, मग ती वेळ पाळलीच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

या वेळापत्रकाला चार रकाने असतात : वेळ, काय, कोठे आणि कोण. चौथ्या रकान्यात "घरचे", "सगळे" किंवा "मुलाकडचे" असे मी लिहू देत नाही. तेथे एकाच माणसाचे नाव आणि फोन नंबर असतो. लग्नाच्या आठ दिवस आधी प्रत्येकाला त्याच्यापुरत्या ओळी पाठवते आणि आदल्या दिवशी सीमांतपूजनाच्या आधी त्यांना जागेवर एक फेरी मारायला लावते. विधींच्या साहित्याची यादी गुरुजींकडून घेऊन प्रत्येक विधीचे साहित्य वेगळ्या पिशवीत भरते आणि पिशवीवर विधीचे नाव लिहिते : सीमांतपूजन, गौरीहर, लाजाहोम, सप्तपदी. लाह्या, तुपाची वाटी, सुपाऱ्या आणि काडेपेटी. यांपैकी काडेपेटी हमखास विसरते.

अक्षता पडल्यावर पाहुणे जेवणाकडे वळतात आणि वधू-वरांचे विधी दीड-दोन तास चालू राहतात. हा काळ केटररचा असतो. तुमच्यासारख्या आठशे पाहुण्यांच्या लग्नात मी दोन्ही बाजूंनी वाढता येईल असे निदान चार काउंटर मागते, पाण्याची सोय त्यांच्यापासून दूर ठेवते, आणि वयस्कर माणसांसाठी एक छोटी पंगत वेगळी बसवते, कारण हातात ताट धरून उभ्याने जेवणे त्यांना जमत नाही आणि ते तसे सांगतही नाहीत. केटररशी किमान किती ताटांची हमी ठरली, त्यावरच्या ताटाचा दर काय आणि मोजणी कशी होणार, हे लेखी असावे. आमचा एक माणूस जेवण सुरू होण्याआधी आणि नंतर ताटे मोजतो, त्यामुळे रात्री हिशेबाला वाद होत नाही. वधू-वर, कन्यादानाला बसलेले आई-वडील आणि गुरुजी सर्वांत शेवटी, बहुधा साडेतीनला जेवतात. त्यांचे जेवण आधीच बाजूला काढून ठेवायला सांगितले नाही, तर ज्यांच्यासाठी एवढे सगळे केले त्यांच्याच ताटात गार पोळी पडते. रांगोळी काढलेले ताट, उखाणे आणि पहिला घास हे सारे होण्यासाठी त्यांना तेथे निवांत अर्धा तास मिळाला पाहिजे. पैठणी किंवा शालू नेसून स्वागतसमारंभाला उभे राहण्याआधी नवरीला कपडे बदलायला चाळीस मिनिटे लागतात. घरचे ती पंधरा धरतात आणि तेवढ्यासाठी जेवणाला कात्री लावतात.

तुमचा शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे : आम्ही कोणाचे ऐकतो? दुसऱ्या बैठकीला मी दोन्ही घरच्यांना बोलावते आणि कागदावर तीन रकाने करते : दोघांनी ठरवायचे, आई-वडिलांनी ठरवायचे, आणि सर्वांनी मिळून ठरवायचे. कपडे, छायाचित्रे, गाणी बहुधा पहिल्यात जातात. मानपान, भाऊकीची आमंत्रणे, देवक-कुलाचार दुसऱ्यात जातात. पाहुण्यांची संख्या, विधी कोणते आणि खर्चाची मर्यादा तिसऱ्यात जातात आणि खरे बोलणे तेथेच होते. एकदा हा कागद झाला की मी त्या-त्या रकान्यातल्या माणसाचेच ऐकते. मात्र मुलांचा निरोप आई-वडिलांना किंवा आई-वडिलांचा निरोप मुलांना मी कधीही पोहोचवत नाही. तिसऱ्या माणसाच्या तोंडून आलेला नकार घरात फार दिवस बोचत राहतो.

एका मुलीचे वडील हयात नव्हते. रीतीप्रमाणे काका-काकू कन्यादानाला बसणार होते. आईनेच बसावे अशी मुलीची इच्छा होती, पण आजोबांना ते सांगायचे धाडस तिला होत नव्हते आणि मी सांगावे असे ती म्हणत होती. मी नकार दिला, पण गुरुजींना विनंती करून त्यांना आजोबांकडे चहाला नेले आणि मुलीला शेजारी बसवले. ती बोलू लागल्यावर पहिल्याच वाक्याला तिचा आवाज अडखळला. आजोबा काही वेळ जमिनीकडे बघत राहिले आणि मग त्यांनी गुरुजींना एवढेच विचारले, "चालेल का?" गुरुजी म्हणाले, "चालेल." लग्नात आई बसली, काका-काकू तिच्या मागे उभे राहिले. आजोबांना जे म्हणायचे होते ते त्यांना नातीसमोर म्हणता यावे, यासाठी जागा करून देणे एवढेच माझे काम होते.

पैशांविषयी थोडक्यात. काही समन्वयक एकूण खर्चाच्या टक्केवारीने मोबदला घेतात, काही ठरावीक रक्कम घेतात. मी ठरावीक रक्कम घेते, कारण तुमचा खर्च वाढल्याने माझा मोबदला वाढू नये असे मला वाटते. ज्यांना नेमाल त्यांना स्पष्ट विचारा की डेकोरेटर, केटरर किंवा कार्यालयाकडून त्यांना काही मिळते का, आणि उत्तर लिहून घ्या. सर्वांचे पैसे तुम्ही थेट द्यावेत आणि पावती तुमच्या नावावर घ्यावी. जागेच्या करारात ताबा किती वाजता मिळणार, किती वाजता सोडायची, जनरेटरचे डिझेल कोणाचे, बाहेरचा केटरर चालतो का आणि त्यासाठी वेगळी रक्कम आहे का, हे असावे. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला कायद्याने मनाई आहे, म्हणून संगीताचा कार्यक्रम असेल तर तो साडेसातलाच सुरू करावा. पूर्ण नियोजनाचा खर्च झेपत नसेल, तर फक्त शेवटचा महिना आणि लग्नाचे दोन दिवस समन्वयक घ्यावा. बुकिंग तुम्ही केले आणि वेळापत्रक त्याने सांभाळले तरी पुष्कळ भार हलका होतो. फेब्रुवारीच्या लग्नासाठी आदल्या वर्षीच्या जून-जुलैत भेटावे, दाट तिथी असेल तर जागा त्याच्याही आधी धरावी.

एक काम मात्र पाठवणीच्या गडबडीत राहून जाते, म्हणून ते मी माझ्या यादीत शेवटच्या ओळीत नाही, तर सप्तपदीच्या लगेच खाली लिहिते. महाराष्ट्रात १९९८च्या अधिनियमानुसार विवाहाची नोंदणी करावी लागते आणि तिचे ज्ञापन, म्हणजे नोंदणीचा भरलेला नमुना, लग्नानंतर ९० दिवसांच्या आत द्यायचे असते. त्यावर वधू-वरांबरोबर तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींच्या सह्या लागतात. गुरुजी संध्याकाळी दुसऱ्या लग्नाला जातात, साक्षीदार आपापल्या गावी परततात, आणि तुम्ही पुण्याला गेलात की या सह्यांसाठी दोन-तीन खेपा ठरलेल्या. म्हणून नमुना आधीच भरून आणा. होम आटोपून गुरुजी उपरण्याने हात पुसत असतानाच माझी सहायक पेन घेऊन त्यांच्यासमोर बसते, शेजारी तिन्ही साक्षीदार थांबलेले असतात, आणि सह्या झाल्या की तो कागद, लग्नपत्रिकेच्या दोन प्रतींसह, मुलीच्या वडिलांच्या हातात जातो. जमा करायचा तो नाशिक महानगरपालिकेच्या तुमच्या विभागीय कार्यालयात. लग्नानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात तेथे जाण्याचा दिवसही आपण नियोजनाच्या पहिल्या महिन्यातच ठरवून टाकू, कारण तुमची रजा तेव्हाच मागावी लागेल.